एकाच ग्रंथीच्या दोन गाठी, दोन औषधे: पियूषिकेच्या पेशीत निरोप कुठे बिघडतो?

प्रश्न जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या मावशीला ॲक्रोमेगाली आहे, म्हणजे मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढ संप्रेरक जास्त होऊन हाडे आणि मऊ ऊती वाढण्याचा आजार. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झाले, तरी दर महिन्याला कमरेखाली इंजेक्शन घ्यावेच लागते. त्यांच्याच सोसायटीतल्या एका बाईंना पियूषिका ग्रंथीचीच, आणि त्याहून मोठी, गाठ होती. ती मात्र आठवड्यातून दोनदा घेतलेल्या अर्ध्या गोळीवर आक्रसली. ग्रंथी एकच असताना एवढा फरक का, मावशीला ती गोळी का दिली नाही, पाठ्यपुस्तकातल्या सायक्लिक एएमपीचा (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या छोट्या रेणूचा) या सगळ्याशी संबंध काय आणि घरातल्या इतरांनी जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे तिचे चार प्रश्न आहेत. चारही प्रश्नांचे उत्तर पेशीच्या आत एकाच वाटेवर सापडते, म्हणून ते मी सलग देतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘डोक्यात गाठ’ हे शब्द ऐकले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण डोळ्यांसमोर कर्करोग उभा राहतो. पियूषिकेच्या गाठी सहसा त्या वाटेने जात नाहीत. आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगात वारंवार दिसणारी रास (RAS) या जनुकाची उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातल्या चुका, येथे अगदी विरळा आढळतात, शरीरात इतरत्र पसरणाऱ्या गाठींचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पेशी आपला मूळ धंदा विसरलेल्या नसतात. वाढ संप्रेरक तयार करणारी पेशी गाठीतही वाढ संप्रेरकच तयार करते आणि तिच्या पृष्ठभागावर तिचे नेहमीचे रिसेप्टर, म्हणजे ग्राही, बहुधा शाबूत असतात. बिघाड असतो तो निरोपाच्या वाटेत: ‘पुरे’ हा निरोप आत पोचत नाही, किंवा कोणी काही न सांगता ‘चालू ठेवा’ हा निरोप पेशी स्वतःच घडवू लागते. आपली औषधे ही बहुतांशी त्या ‘पुरे’ या निरोपाचीच नक्कल आहेत. म्हणून वाट कोणत्या टप्प्यावर तुटली आहे, यावर औषध लागू पडणार की नाही हे बरेचसे ठरते.

निरोगी स्थितीत वाढ संप्रेरकाच्या पेशीला मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून दोन परस्परविरुद्ध आज्ञा येतात. जीएचआरएच नावाचे छोटे प्रथिन ‘स्रवा’ म्हणते आणि सोमॅटोस्टॅटिन ‘थांबा’ म्हणते. जीएचआरएच रिसेप्टरवर बसले की आतल्या बाजूला चिकटलेले जी-एस प्रथिन जागे होते, त्याचा अल्फा हा घटक हातातला जीडीपी हा रेणू टाकून एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी पकडतो, सुटा होतो आणि ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) कामाला लावतो. सायक्लिक एएमपी वाढते, ते प्रोटीन कायनेज ए या विकराच्या नियामक घटकांना चिकटते, त्यामुळे बांधून ठेवलेले क्रियाशील घटक मोकळे होतात आणि केंद्रकात जाऊन क्रेब या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. पुढे पिट-1 हा लेखन-घटक वाढतो आणि वाढ संप्रेरकाचे जनुक जोरात वाचले जाऊ लागते. दरम्यान कॅल्शियम आत शिरते आणि साठवलेल्या कणिका पेशीबाहेर रित्या होतात. हे सारे पुस्तकात असतेच. पुस्तकात जे ठळकपणे येत नाही ते असे की, शरीरातल्या अनेक पेशींत सायक्लिक एएमपी वाढीला लगाम घालते, पण वाढ संप्रेरकाच्या पेशीत तेच विभाजनालाही चालना देते. स्राव आणि वाढ या दोन्हींचे बटण एकच आहे. या पेशीत निरोप अडकून राहिला तर रक्तातले संप्रेरकही वाढते आणि गाठही होते. त्यासाठी दोन वेगळे अपघात घडावे लागत नाहीत.

आता ते बटण अडकते कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जी-एस अल्फामध्ये स्वतःचे एक घड्याळ असते: पकडलेल्या जीटीपीचा एक फॉस्फेट तो स्वतःच काही सेकंदांत तोडतो आणि निजतो. 1987 मध्ये मिलानमधल्या वल्लार, स्पाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ॲक्रोमेगालीच्या काही गाठींत हे घड्याळ बंद पडलेले असते, आणि 1989 मध्ये लँडिस, बोर्न आदींच्या गटाने त्याचे कारण शोधले. जी-एस अल्फा घडवणाऱ्या जीएनएस (GNAS) जनुकात एकाच अक्षराची चूक होते आणि 201 व्या स्थानी आर्जिनिन किंवा 227 व्या स्थानी ग्लुटामिन असायला हवे तिथे दुसरेच अमिनो आम्ल येते. तेवढ्याने जीटीपी तोडण्याचा वेग कोसळतो, अल्फा जागाच राहतो, आणि जीएचआरएच आले काय नि न आले काय, सायक्लिक एएमपी बनतच राहते. ॲक्रोमेगालीच्या सुमारे 30 ते 40 टक्के गाठींत ही चूक सापडते.

हे 201 क्रमांकाचे आर्जिनिन आपल्याकडच्या वैद्यकाला दुसऱ्या कारणासाठी परिचित असायला हवे. शंभूनाथ दे यांनी 1959 साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचे विष जंतूविरहित द्रवातही असते, हे सिद्ध केले. ते विष आतड्याच्या पेशीत शिरून नेमक्या याच आर्जिनिनवर एक रासायनिक गट चिकटवते आणि तेच घड्याळ बंद पाडते. आतड्यात त्याचा परिणाम पाण्यासारख्या जुलाबांत होतो, पियूषिकेत हाडे आणि मऊ ऊती वाढण्यात. पटकीत विषाची मात्रा ओसरली आणि पेशी बदलल्या की प्रकरण मिटते, जनुकातली चूक मात्र पेशीबरोबर तिच्या लेकींकडेही जाते. मी विद्यार्थ्यांना जी-एस शिकवताना कायम या दोन आजारांची जोडी घेतो, कारण एकदा ऐकली की ती विसरत नाही.

वाट तीच, पण तिच्यात शिरण्याची दारे अनेक आहेत. 1982 मध्ये जीएचआरएच प्रथम वेगळे केले गेले ते हायपोथॅलॅमसमधून नव्हे, तर ॲक्रोमेगालीच्या रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या गाठींतून. तिथून बाहेर पडणारे जीएचआरएच दूरच्या पियूषिकेला सतत डिवचत होते. कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक विकारात प्रोटीन कायनेज ए चा नियामक घटकच अपुरा पडतो, म्हणजे कुत्रा पिसाळलेला नसतो, साखळीच सुटलेली असते. 2014 मध्ये वर्णन केलेल्या एक्स गुणसूत्राशी निगडित बालवयातल्या महाकायतेत जीपीआर101 या रिसेप्टरच्या जनुकाची जादा प्रत असते आणि बाळाची उंची पहिल्या दोन-तीन वर्षांतच विलक्षण वाढू लागते. मॅक्क्यून-अल्ब्राइट विकारात जीएनएसची हीच चूक गर्भावस्थेत काही पेशींत होते, म्हणून त्वचेवर डाग, हाडांचे विकार, अकाली वयात येणे आणि कधी वाढ संप्रेरकाचा अतिरेक, हे सारे एकाच मुलात दिसते. एवढ्या वेगवेगळ्या अपघातांचा शेवट जर एकाच आजारात होत असेल, तर त्या आजाराचे मर्म सायक्लिक एएमपीच्या वाटेवर आहे, असे म्हणायला हरकत नाही.

येथे विद्यार्थी हमखास विचारतात की, बटण कायमचे अडकलेल्या गाठी सर्वांत मोठ्या आणि आडमुठ्या असायला हव्यात ना? प्रत्यक्षात तसे दिसत नाही. जीएनएसची चूक असलेल्या गाठी बऱ्याचदा लहानच असतात आणि औषधालाही बरा प्रतिसाद देतात. कारण पेशीही स्वस्थ बसत नाही. सायक्लिक एएमपी मोडणारी फॉस्फोडायएस्टरेज विकरे ती वाढवते, म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलेल्या गाडीत चालकाने ब्रेकवर पाय रोवून धरावा तसे. रक्तातले संप्रेरक पुष्कळ जास्त आणि गाठ जेमतेम, असे चित्र दिसते ते काही अंशी यामुळेच.

आता मावशींच्या इंजेक्शनाकडे येऊ. ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइड ही सोमॅटोस्टॅटिनची टिकाऊ रूपे आहेत. नैसर्गिक सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे होते, ही औषधे मात्र हळूहळू सुटतील अशा रूपात दिली की महिनाभर झिरपत राहतात. ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरवर बसतात. हा रिसेप्टर जी-आय प्रथिनाला जोडलेला असतो, जे ॲडेनिलिल सायक्लेजला आवरते, पोटॅशियमची दारे उघडते, कॅल्शियमची मिटते, आणि फॉस्फेट उतरवणाऱ्या विकरांमार्फत वाढीच्या निरोपांनाही खीळ घालते. जीएनएसच्या चुकीमुळे जी-एस कितीही ओरडत असले तरी जी-आय चा आवाज त्याच सायक्लेजपर्यंत पोचतो, म्हणून अडकलेल्या बटणावरही हे औषध चालते. साधारण निम्म्या रुग्णांत आयजीएफ-1, म्हणजे वाढ संप्रेरकाच्या हुकमाने यकृत रक्तात सोडते ते प्रथिन, काबूत येते. उरलेल्यांत घोडे कुठे अडते? काहींच्या पेशींवर दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर मुळातच थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली विरळ कणिकांच्या दिसणाऱ्या, आणि एमआरआयच्या टी2 चित्रांत उजळ दिसणाऱ्या गाठी अशा असतात. दाट कणिकांच्या, टी2 वर काळसर दिसणाऱ्या गाठी इंजेक्शनाला चांगल्या बधतात. म्हणून ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा अहवाल फायलीत नुसता लावून ठेवू नये. त्यातली कणिकांविषयीची ओळ पुढच्या पाच वर्षांच्या खर्चावर परिणाम करते.

आता सोसायटीतल्या त्या बाई. त्यांची गाठ प्रोलॅक्टिनची, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या संप्रेरकाची असणार. या पेशीचा स्वभाव इतर सर्व पियूषिका पेशींपेक्षा उलटा आहे. बाकीच्यांना हायपोथॅलॅमसने ढकलावे लागते, हिला सतत दाबून धरावे लागते, आणि हे दाबण्याचे काम डोपामिन करते. मेंदूतून डोपामिन खाली आणणारा ग्रंथीचा देठ दबला किंवा तुटला तर बाकीची संप्रेरके घटतात, प्रोलॅक्टिन तेवढे वाढते. डोपामिनचा डी2 रिसेप्टरही जी-आय लाच जोडलेला आहे आणि प्रोलॅक्टिनच्या बहुतेक गाठींवर तो भरपूर असतो. कॅबरगोलिन त्यावर घट्ट आणि दीर्घकाळ बसते, म्हणून 0.5 मिलिग्रॅमची अर्धी गोळी रविवारी आणि बुधवारी रात्री जेवणानंतर घेतली तरी भागते. पहिल्या काही तासांत स्राव थांबतो, काही दिवसांत प्रोलॅक्टिनच्या जनुकाचे वाचन मंदावते, आणि मग पेशीतले संप्रेरक घडवण्याचे कारखाने मोडीत निघून पेशीच लहान होतात. गाठ झपाट्याने आक्रसते ती पेशी मरतात म्हणून जितकी, त्याहून अधिक त्या आक्रसतात म्हणून. घाईने गोळी बंद केलेल्या रुग्णाची गाठ पुन्हा फुगते, याचेही कारण हेच आहे. प्रोलॅक्टिन नॉर्मल आले आणि पाळी सुरू झाली म्हणून तीन महिन्यांत स्वतःच गोळी थांबवणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. किमान दोन वर्षे औषध चालू असल्याशिवाय आणि एमआरआयवर गाठ जवळपास दिसेनाशी झाल्याशिवाय आम्ही बंद करण्याचा विषय काढत नाही.

या वाटेचा एक व्यवहारातला फसवा कोपरा सांगितला पाहिजे. एमआरआयवर तीन सेंटिमीटरची गाठ आहे आणि प्रोलॅक्टिन 60 नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर आहे, अशा रुग्णाला कॅबरगोलिन सुरू करून पाठवलेले मी अनेकदा पाहिले आहे. दोन महिन्यांत आकडा 2 वर येतो, सगळे समाधानी होतात आणि दृष्टी मात्र अंधूक होत जाते. प्रोलॅक्टिनच्या गाठीत आकडा बहुधा आकाराच्या मागोमाग चढतो, एवढ्या मोठ्या गाठीत तो शेकड्यांत किंवा हजारांत असायला हवा. 60 असेल तर गाठ दुसरीच आहे. तिने देठ दाबला, डोपामिन खाली उतरेना, म्हणून निरोगी पेशींतून प्रोलॅक्टिन वाढले. गोळीने त्या निरोगी पेशी गप्प बसल्या, गाठ जागची हलली नाही. याच्या उलट, गाठ अजस्र असूनही प्रयोगशाळेच्या चाचणीतली प्रतिपिंडे संप्रेरकाच्या पुरात बुडून आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून मोठ्या गाठीत नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा तपासायला सांगावे. आणि एमआरआयच्या आधी औषधांची पिशवी उघडून पाहावी. ॲसिडिटीच्या गोळीत बऱ्याचदा लेव्होसल्पिराइड किंवा डॉमपेरिडोन मिसळलेले असते. ती दोन्ही डी2 रिसेप्टर अडवतात आणि गाठ नसताना प्रोलॅक्टिन वाढवतात. दूध येते म्हणून घाबरून आलेल्या किती बायकांचा आजार असा औषधाच्या कॅप्सूलमध्ये निघाला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

मग मावशींना कॅबरगोलिन का नाही? वाढ संप्रेरकाच्या पेशींवरही डी2 रिसेप्टर असतात, पण कमी आणि बेभरवशाचे. एकट्या कॅबरगोलिनने ॲक्रोमेगालीच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आयजीएफ-1 नॉर्मल होते, आणि तेही बहुधा ज्यांचे ते थोडेसेच वाढलेले असते त्यांच्यात. ऑपरेशननंतर थोडेच बाकी उरले असेल, किंवा इंजेक्शन पुरे पडत नसेल, तर जोडीला गोळी देऊन पाहणे रास्त आहे, आणि खर्चाचा विचार करता आपल्याकडे ते वारंवार करावेही लागते. मावशींचा शेवटचा आयजीएफ-1 किती होता, हे कळल्याशिवाय याहून पुढे मी बोलणार नाही. पेगव्हिसोमंट हे तिसऱ्या तऱ्हेचे औषध गाठीला हातच लावत नाही. ते यकृतावरच्या वाढ संप्रेरकाच्या रिसेप्टरला अडवते, म्हणून आयजीएफ-1 उतरते पण रक्तातले वाढ संप्रेरक उलट वाढते. ते चालू असताना वाढ संप्रेरक मोजून काळजीत पडण्यात अर्थ नाही.

तिसरी गाठ, एसीटीएचची (अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाची), म्हणजे कुशिंग आजाराची, प्रश्नात नाही; पण पेशीतले निरोप समजून घ्यायचे तर तिच्याइतकी रंजक गाठ नाही. ती बऱ्याचदा चार-पाच मिलिमीटरची, एमआरआयवर कधी न दिसणारी असते आणि माणसाची हाडे, स्नायू, साखर, रक्तदाब सगळे पोखरते. 2015 मध्ये जर्मन-जपानी आणि चिनी गटांनी यातल्या बऱ्याच गाठींत यूएसपी8 जनुकाची चूक दाखवली. पेशीवरचा, वाढीचा निरोप घेणारा ईजीएफ रिसेप्टर काम झाल्यावर आत ओढला जातो आणि युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लागलेला असला की भंगारात जातो. यूएसपी8 ती चिठ्ठी काढून टाकते. एरवी 14-3-3 नावाचे प्रथिन त्याला धरून ठेवते. चुकीमुळे नेमकी ती पकडण्याची जागा बिघडते, यूएसपी8 मोकाट सुटते, चिठ्ठ्या उडतात आणि भंगारात जायचा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येऊन एसीटीएचच्या पूर्वप्रथिनाचे जनुक वाचायला लावतो. येथे नवा निरोप कोणी दिलेला नाही, जुना निरोप पुसायचा राहिला आहे. दुसरीकडे कॉर्टिसोलचा ‘पुरे’ हा निरोप या पेशीला पूर्ण ऐकू येत नाही असे नाही, फक्त मोठ्याने सांगावा लागतो. रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसोलची नक्कल करणारे औषध) घेऊनही सकाळी 8 वाजता कॉर्टिसोल 1.8 मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली येत नाही, पण 8 मिलिग्रॅमला पुष्कळ गाठी मान तुकवतात. आमची जुनी चाचणी याच अर्धवट बहिरेपणावर उभी आहे. ऑक्ट्रिओटाइड येथे निष्प्रभ ठरते, कारण वाढलेले कॉर्टिसोलच दुसऱ्या प्रकारचे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर घटवते. पाचव्या प्रकारचे टिकून राहतात, म्हणून त्यावर बसणारे पासिरिओटाइड वापरात आले. ते इन्शुलिनच्या स्रावालाही दाबते, त्यामुळे साखर चढते, आणि मधुमेहाने घर केलेल्या आपल्या रुग्णांत ते हात राखूनच वापरावे लागते.

राहिला घरच्यांच्या तपासणीचा प्रश्न. जीएनएस किंवा यूएसपी8 मधली चूक सहसा फक्त गाठीच्या पेशींत असते. ती मावशींना आईकडून आलेली नाही आणि भाचीकडे जाणार नाही. तिच्यासाठी घरच्यांचे रक्त तपासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आनुवंशिक असतो तो वेगळा, लहान गट, आणि त्यात एआयपी जनुकाचे नाव पहिले. लंडनमध्ये 1783 साली वारलेल्या चार्ल्स बर्न या सुमारे साडेसात फूट उंचीच्या आयरिश माणसाच्या दातांतून काढलेल्या डीएनएमध्ये 2011 मध्ये एआयपीची चूक सापडली, आणि तीच चूक आज उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांत आहे. एआयपी नसलेल्या पेशीत जी-आय चा निरोप लुळा पडतो. सोमॅटोस्टॅटिनची औषधे त्याच जी-आय च्या वाटेने जातात, हे लक्षात घेतले की या तरुण रुग्णांच्या मोठ्या गाठी इंजेक्शनाला का दाद देत नाहीत, याचा उलगडा होतो.

म्हणून मी विचारतो ते असे: मावशींची लक्षणे कोणत्या वयात सुरू झाली? रोगनिदानाचे वय यासाठी उपयोगाचे नाही, कारण ॲक्रोमेगाली ओळखायला वर्षे जातात. माझ्या एका रुग्ण बाईंनी तारीख सांगितली ती कासाराच्या हिशेबाने: लग्नात दोन-चारच्या बांगड्या, धाकट्याच्या बारशाला दोन-सहा, त्याच्या मुंजीला दोन-आठ चढेनात आणि जोडवी सोनाराकडून दोनदा वाढवून घेतली. धाकटा बारशापासून मुंजीपर्यंत आला तेवढी वर्षे गाठ तिथे होती. लक्षणे तिशीच्या आत सुरू झाली असतील आणि गाठ एक सेंटिमीटरहून मोठी असेल, घरात आणखी कोणाला पियूषिकेची गाठ असेल, किंवा रक्तात कॅल्शियम वाढलेले असून मूतखड्यांचा इतिहास असेल, तर एआयपी आणि एमईएन1 (याच्या चुकीने पियूषिकेच्या गाठीबरोबर कॅल्शियमही वाढते) या दोन जनुकांची तपासणी आधी मावशींचीच करावी. त्यांच्यात चूक सापडली तरच भाऊ, बहिणी, मुले आणि भाची यांचा विचार करावा. लक्षणे पंचेचाळिशीनंतरची असतील, घरात दुसरे कोणी नसेल आणि कॅल्शियम नॉर्मल असेल, तर कोणाचेही रक्त जनुकांसाठी पाठवण्याची गरज नाही; मावशींचा आयजीएफ-1 आणि पॅथॉलॉजीच्या अहवालातली कणिकांची ती ओळ, एवढे घेऊन पुढच्या भेटीला यावे.